जिम थॉर्प आणि तीस दिवसांची मुदत

सरकारी कचेरीत ज्याच्या आयुष्याची तीस वर्षे गेली आहेत, त्याला मुदत या शब्दाचे सामर्थ्य समजावून सांगावे लागत नाही. अपील अमुक दिवसांत, हरकत तमुक दिवसांत. एक दिवस जरी उलटला, तरी कागद कितीही खरा असो, त्यावर मुदतबाह्य असा शेरा पडतो आणि तो दप्तरी दाखल होतो. असे शेरे प्रस्तुत लेखकानेही मारले आहेत. फार वर्षांपूर्वी एका शिपायाच्या विधवेचा अर्ज अकरा दिवस उशिरा आला म्हणून नियमावर बोट ठेवून मी तो परत पाठवला होता. नियमाच्या दृष्टीने माझे काही चुकले नव्हते. तरीही त्या अर्जावरचा अंगठा अजून मधूनमधून डोळ्यांसमोर उभा राहतो.

मुदत सर्वांना सारखीच लागू आहे, या एकाच विचाराने अशा वेळी मनाचे समाधान करून घ्यावयाचे असते. म्हणूनच, ज्याच्याविरुद्धची हरकत मुदत संपून पाच महिने झाल्यावर उपस्थित झाली, तरी ती बिनबोभाट मान्य झाली, आणि ती मुळातच मुदतबाह्य होती हे कबूल व्हावयास पुढे जवळजवळ सत्तर वर्षे लागली, अशा एका खेळाडूची हकीकत वाचनात आली, तेव्हा ती मला नुसती खेळाडूची हकीकत वाटली नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथासाठी काही लिहावे अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा तोच विषय मी निवडला.

जिम थॉर्पचा जन्म १८८७ सालच्या मे महिन्यात झाला असे बहुतेक चरित्रकार मानतात; काही जण १८८८ हे वर्ष देतात. जन्मस्थान आजच्या ओक्लाहोमा राज्यातील प्राग या गावानजीकचे. त्या काळी तो मुलूख इंडियन टेरिटरी म्हणून ओळखला जाई. अमेरिकेच्या ज्या मूळ रहिवाशांना आपण शाळेपासून रेड इंडियन म्हणत आलो, त्यांच्या अनेक जमातींना त्यांच्या भूमीवरून हुसकून तेथे आणून बसवण्यात आले होते. जिमचे वडील हायरम हे सॅक अँड फॉक्स जमातीचे; त्यांच्या अंगात आयरिश रक्तही होते. आई शार्लट पोटावाटोमी जमातीची, तिच्याकडे फ्रेंच वंशाचा अंश. जमातीच्या रीतीप्रमाणे मुलाचे नाव वा-थो-हुक असे ठेवले होते. त्याचा अर्थ उजळलेली वाट असा करतात.

त्याला चार्ली नावाचा जुळा भाऊ होता. दोघे नऊ वर्षांचे असताना चार्ली न्यूमोनियाने गेला. त्यानंतर जिमचे शाळेत लक्ष लागेना. तो वरचेवर पळून घरी येई आणि वडील त्याला आणखी दूरच्या शाळेत धाडीत. पुढे आई बाळंतपणाच्या दुखण्यात गेली, आणि १९०४ साली तो पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील इंडियन औद्योगिक शाळेत दाखल झाल्यावर थोड्याच दिवसांत वडीलही वारले. अशा रीतीने विशीच्या आत हा मुलगा पोरका झाला.

कार्लाइलच्या त्या शाळेविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. प्रॅट नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली जुन्या बराकींत ती काढली. मुलांची जमातीची ओळख पुसून टाकली म्हणजे ती सुधारतील, ही संस्थापकाची श्रद्धा. मूल आले की त्याचे लांब केस कापावयाचे, अंगावर गणवेश चढवावयाचा, इंग्रजी नाव द्यावयाचे आणि मातृभाषेत बोलण्यास मनाई करावयाची, असा तेथील क्रम होता. परमुलखात राहून आपली भाषा मुलांच्या तोंडी राहावी म्हणून पन्नास वर्षे धडपडणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना त्या मनाईचा अर्थ अधिक विस्ताराने सांगावयास नको. उन्हाळ्यात या मुलांना आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे मजुरीने कामाला पाठवण्याचीही पद्धत होती. जिमनेही अशी मजुरी केली. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण शारीरिक श्रमाबद्दल मजुरी घेण्यात त्या वेळी कोणालाही काही गैर दिसले नव्हते.

जिमच्या अंगातील गुण कसे उजेडात आले याविषयी एक आख्यायिका सांगतात. १९०७ च्या वसंतात तो कामाच्या कपड्यांनिशी मैदानावरून चालला होता. शाळेचे खेळाडू उंच उडीचा सराव करीत होते आणि पाच फूट नऊ इंचांवर ठेवलेली आडवी काठी कोणालाच ओलांडता येत नव्हती. जिमने ती त्याच कपड्यांत ओलांडली आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. दुसऱ्या दिवशी क्रीडाशिक्षक ग्लेन वॉर्नर यांनी त्याला बोलावून घेतले. वॉर्नर हे अमेरिकेतील नामांकित शिक्षक. तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलहून अगदी निराळा; त्यात चेंडू काखेत मारून धावावयाचे आणि प्रतिपक्षाने अंगावर येऊन पाडावयाचे. त्या खेळात कार्लाइलच्या या मुलांनी मोठमोठ्या विद्यापीठांना धूळ चारली. १९११ साली त्यांनी हार्वर्डचा १८ विरुद्ध १५ गुणांनी पराभव केला, आणि त्या सामन्यात थॉर्पने दुखऱ्या पायाने चार वेळा चेंडू लाथेने गोलखांबांतून पार केला. या सामन्यांच्या तिकिटांचे उत्पन्न मोठे होते आणि त्याचा व्यवहार वॉर्नर पाहत. १९१४ साली अमेरिकन संसदेच्या समितीने शाळेची चौकशी केली, तेव्हा हा क्रीडानिधी कसा वापरला जाई आणि त्यातून खेळाडूंना पूर्वी रोख रकमाही कशा दिल्या गेल्या, हे बाहेर आले. पण ते पुढचे.

१९०९ च्या उन्हाळ्यात थॉर्प शाळेतील दोन सोबत्यांबरोबर नॉर्थ कॅरोलायना राज्यात गेला आणि रॉकी माउंट या लहानशा गावच्या संघातून बेसबॉल खेळला. १९१० सालीही तो त्याच भागात खेळला. मोबदला म्हणून खाण्याराहण्याचा खर्च भागून हाती थोडे उरेल इतकीच रक्कम मिळे. महाविद्यालयांतील अनेक गोरे विद्यार्थी सुट्टीत असेच खेळत. मात्र ते शहाणपणाने खोटे नाव घेत. थॉर्प आपल्या खऱ्या नावाने खेळला. त्या गावांच्या वर्तमानपत्रांत सामन्यांचे तक्ते छापून येत, त्यांत त्याचे नाव होते. म्हणजे लपवाछपवी अशी कोठेच नव्हती. १९११ साली तो कार्लाइलला परत आला.

स्टॉकहोम येथील १९१२ चे ऑलिंपिक हा त्याच्या आयुष्याचा कळस होय. पेंटॅथलॉन म्हणजे पाच प्रकारांची स्पर्धा ७ जुलै रोजी झाली. लांब उडी, २०० मीटर धावणे, थाळीफेक आणि १५०० मीटर धावणे या चारांत थॉर्प पहिला आला, भालाफेकीत तिसरा. त्या स्पर्धेत सहाव्या क्रमांकावर राहिलेला शिकागोचा एक तरुण अमेरिकन होता, त्याचे नाव ॲव्हरी ब्रंडेज. वाचकांनी हेही नाव ध्यानात ठेवावे. त्यानंतरच्या आठवड्यात, १३ ते १५ जुलै असे तीन दिवस, डेकॅथलॉन म्हणजे दशस्पर्धा चालली. दहापैकी चार प्रकारांत तो पहिला आला आणि उरलेल्या सहांत चौथ्याच्या खाली कोठेही गेला नाही. त्या काळच्या गणनेप्रमाणे त्याचे ८,४१२ गुण झाले. दुसरा आलेला स्वीडनचा ह्यूगो व्हिस्लांडर सुमारे ७०० गुणांनी मागे होता. त्या दिवसांतले त्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट आणि मोजे दिसतात. त्याचे बूट ऐन वेळी नाहीसे झाले आणि मिळेल ते पायांत घालून तो उतरला, असे सांगतात.

स्वीडनचे राजे गुस्ताव्ह यांनी स्वहस्ते त्याला पदके दिली आणि सर्वांदेखत त्याची स्तुती केली. राजांकडून त्यांचाच ब्राँझचा अर्धपुतळा आणि रशियाच्या झारकडून जहाजाच्या आकाराचे चांदीचे पात्र, असे दोन मानाचे चषकही त्याला मिळाले. अमेरिकेत परतल्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यातून त्याची मिरवणूक निघाली. ज्याची ही मिरवणूक होती, त्याच्या जमातीतील असंख्य माणसांना त्या वेळी आपल्याच देशाचे नागरिकत्व नव्हते. अमेरिकेतील सर्व मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व देणारा कायदा १९२४ साली झाला. तोवर सरकार त्यांचे पालक. थॉर्पला वडिलोपार्जित जमिनीचे पैसे हवे असले, तरी सरकारी एजंटाकडे मागावे लागत.

१९१३ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील एका वर्तमानपत्राने थॉर्पच्या बेसबॉलची बातमी छापली, आणि हा डोलारा एका आठवड्यात कोसळला.

येथे हौशी या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. आपल्याकडे हौशी आणि व्यावसायिक हा भेद मुख्यतः नाटकाच्या संदर्भात कानावर येतो. दिवसा हिशेब तपासणारे आणि गणेशोत्सवात रात्री पल्लेदार संवाद म्हणणारे आमचे सभासद हौशी. ज्यांचे पोट रंगभूमीवर आहे ते व्यावसायिक. पण म्हणून व्यावसायिक नट पतित झाला असे आपण मानीत नाही; उलट हौशी म्हटले की थोडी सवलतच द्यावी लागते. कुस्तीत तर हा भेद कोणी ऐकलाही नसावा. जत्रेच्या फडात नारळावरच्या कुस्तीपासून रोख इनामाच्या कुस्तीपर्यंत सर्व काही एकाच मातीत होते. पैलवानाने पागोट्याबरोबर रुपयेही स्वीकारले तर त्याच्या मर्दुमकीला उणेपणा येत नाही. इंग्लंडात मात्र या शब्दाचा जन्मच वेगळ्या घरात झाला. १८६६ साली लंडनच्या ॲमेच्युअर ॲथलेटिक क्लबने जे नियम केले, त्यांत पैशासाठी स्पर्धेत उतरणारा तर वगळला होताच, पण मजूर, कारागीर आणि यंत्रावर काम करणारा माणूसही वगळला होता. हाताने काम करून पोट भरणाऱ्याने सद्गृहस्थांच्या शर्यतीत उतरू नये, असा त्याचा सरळ अर्थ. पुढे मजुराविषयीचे कलम धावण्याच्या खेळांतून गेले, पैशाविषयीचे राहिले. परंतु कलम गेले तरी त्याच्यामागची वृत्ती जात नाही, हे सरकारी नोकरीत मी पुष्कळ पाहिले आहे. ज्याच्या घरी खावयास आहे त्यालाच निखळ हौस परवडते. आई-बाप नसलेल्या मुलाने उन्हाळ्यात शेत नांगरून मजुरी घेतली तर तो हौशी राहिला असता; चेंडू फेकून तेवढीच मजुरी घेतली म्हणून तो व्यावसायिक ठरला. बरे, स्टॉकहोमला तो बेसबॉलसाठी उतरला नव्हता. धावण्याचा किंवा उडी मारण्याचा पैसा त्याने घेतल्याचे कोणी कधी म्हटलेले नाही. तथापि एका खेळातील पैसा सर्व खेळांना बाटवतो, असा नियम होता.

नियम होता हे मात्र मान्य केले पाहिजे, आणि थॉर्पने तो मोडला होता हेही मान्य केले पाहिजे. त्याची बाजू घेणारे पुष्कळ लेखक या ठिकाणी अश्रूंचा आश्रय घेतात. मला तसे करावेसे वाटत नाही. ऑलिंपिकला जाणाऱ्या खेळाडूने आपण हौशी असल्याचे गृहीत धरले जाईल हे जाणावे, अशी अपेक्षा चुकीची नाही. प्रश्न आहे तो नियम लावण्याच्या रीतीचा.

अमेरिकेतील हौशी खेळांची सर्वोच्च संस्था ॲमेच्युअर ॲथलेटिक युनियन. तिचे चिटणीस जेम्स सलिव्हन हे त्या क्षेत्रातील सर्वसत्ताधारी गृहस्थ होते. बातमी छापून येताच त्यांनी कार्लाइलकडे खुलासा मागितला. २६ जानेवारी १९१३ या तारखेचे थॉर्पच्या सहीचे एक पत्र त्यांच्याकडे गेले. आपण पैसे घेतले, पण पैशासाठी खेळलो नाही, खेळाची आवड होती म्हणून खेळलो. इतर विद्यार्थी खोट्या नावाने हेच करीत होते. आपण इंडियन शाळेतील एक अजाण मुलगा असल्याने यात गैर आहे हे आपणास कळले नाही. तेव्हा फार कठोरपणे न्याय करू नये, असा त्याचा आशय. मसुदा वॉर्नर यांच्या हातचा असावा असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, आणि सरकारी पत्रव्यवहार पाहिलेल्या कोणालाही ते पटेल. कबुली संपूर्ण, दोष संपूर्ण एकट्याचा, आणि वरिष्ठांवर शिंतोडासुद्धा नाही, अशी पत्रे कनिष्ठाच्या लेखणीतून सहसा आपोआप उतरत नाहीत. शाळेच्या अधिकाऱ्यांनी आपणास यातले काहीच ठाऊक नव्हते असे कळवले. ज्या शाळेचा सर्वोत्तम खेळाडू दोन उन्हाळे दूरच्या राज्यात होता आणि ज्याचे नाव तेथील पत्रांत छापले जात होते, त्या शाळेला ते ठाऊक नव्हते, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

एक-दोन दिवसांतच युनियनने त्याचे हौशीपण पूर्वलक्षी परिणामाने काढून घेतले आणि स्वीडनची क्षमा मागितली. पदके व दोन्ही चषक परत पाठवण्यात आले. त्या वर्षीच्या मे महिन्यात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याचे नाव विजेत्यांच्या यादीतून खोडले. पेंटॅथलॉनमध्ये नॉर्वेचा फर्डिनांड बी आणि दशस्पर्धेत व्हिस्लांडर यांना विजेते ठरवण्यात आले, आणि खालचा प्रत्येक जण एकेक पायरी वर सरकला. सहावा आलेला ब्रंडेज पाचवा झाला.

आता मुदतीची गोष्ट. स्टॉकहोम ऑलिंपिकची जी नियमावली स्वीडिश संयोजकांनी छापली होती, तिच्यात स्पष्ट कलम होते की, स्पर्धकाच्या पात्रतेविषयीची हरकत लेखी असली पाहिजे आणि बक्षीस समारंभापासून ३० दिवस उलटण्याच्या आत ती संयोजक समितीच्या हाती पडली पाहिजे. बक्षिसे जुलैत वाटली गेली. म्हणजे ऑगस्ट १९१२ मध्ये मुदत संपली. वूस्टरची बातमी पुढल्या जानेवारीतली. लेखी हरकत त्या मुदतीत कोणीही घेतली नव्हती. ज्या नियमाने थॉर्प दोषी ठरत होता तो सर्वांनी वाचला. ज्या नियमाने तो वाचत होता तो कोणी उघडूनही पाहिला नाही. सलिव्हन यांना तो ठाऊक असावयास हवा होता. वॉर्नर यांना तो शोधता आला असता. खुद्द संयोजकांनी तर तो छापलाच होता. परंतु हरकत ऐकून घेण्यापूर्वी ती मुदतीत आहे काय, एवढा साधा प्रश्न, जो आमच्या कचेरीतील नवखा कारकूनही टिपणीच्या पहिल्या परिच्छेदात लिहितो, तो त्या प्रकरणात विचारला गेला नाही. विचारावयाचा कोणी? थॉर्पने? त्याचा वकील नव्हता, आई-बाप नव्हते, आणि त्याचे पालकत्व ज्या सरकारकडे होते ते सरकार या प्रकरणी गप्प राहिले.

पुढील चाळीस वर्षांची कथा थोडक्यात सांगतो. हौशीपण गेल्यावर काही दिवसांतच न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाने त्याला करारावर घेतले. त्या संघाने १९१३-१४ च्या हिवाळ्यात जगाची सफर केली, तीत थॉर्प होता. ती सफर आपल्या उंबरठ्यापर्यंत, म्हणजे कोलंबोपर्यंत येऊन गेली. १९१५ पासून तो ओहायोतील कँटन बुलडॉग्ज संघातून फुटबॉल खेळू लागला. एका सामन्याचे २५० डॉलर त्याला मिळत. १९२० साली व्यावसायिक फुटबॉलची जी संघटना स्थापन झाली आणि जी पुढे नॅशनल फुटबॉल लीग म्हणून बलाढ्य झाली, तिचा पहिला अध्यक्ष थॉर्पच होता. त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने आणि सर दोराबजी टाटा यांच्या पाठबळाने हिंदुस्थानचे खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांत आपले कुस्तीगीरही होते. फडात घेतलेल्या इनामांचा हिशेब त्यांच्याकडे कोणी मागितला असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

१९२८ साली, चाळिशी उलटल्यावर, थॉर्प मैदानातून निवृत्त झाला आणि त्यानंतर मंदीचे दिवस आले. खणती, चित्रपटांतील किरकोळ भूमिका, पहाऱ्याची नोकरी, महायुद्धाच्या अखेरीस व्यापारी जहाजावरील काम, असे मिळेल ते तो करीत राहिला. दारूचे व्यसन होते. पैसा हाती टिकला नाही. तीन लग्ने झाली. पहिला मुलगा लहानपणीच गेला होता. १९३२ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिक भरले, तेव्हा तिकिटापुरते पैसे त्याच्यापाशी नव्हते. ते वर्तमानपत्रांतून कळल्यावर अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी, जे स्वतः मातृवंशाने कॉ जमातीचे होते, त्याला आपल्या शेजारी बसवून घेतले, आणि प्रेक्षकांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली. गमतीची गोष्ट अशी की, त्याच ऑलिंपिकच्या तोंडावर फिनलंडच्या पाव्हो नुर्मीलाही पैसे घेतल्यावरून धावण्यास बंदी झाली होती. नुर्मीच्या पाठीशी त्याचा देश तरी उभा होता. वीस वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीच्या मैदानात ऑलिंपिकची मशाल घेऊन तोच आला.

१९५० साली अमेरिकेतील वृत्तपत्रप्रतिनिधींनी मतदान करून थॉर्पला अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवले. १९५१ साली त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला, बर्ट लँकेस्टरने त्याची भूमिका केली. कथेचे हक्क थॉर्पने पूर्वीच अल्प किमतीत विकून टाकलेले असल्याने त्या यशाचा त्याला फारसा लाभ झाला नाही. त्याच वर्षी ओठाच्या कर्करोगासाठी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, ती धर्मादाय रुग्ण म्हणून. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियातील लोमिटा येथे हृदयविकाराने त्याचा अंत झाला.

मेल्यानंतरही त्याच्या देहाला वाद चुकला नाही. ओक्लाहोमात जमातीचे अंत्यविधी चालू असतानाच त्याच्या तिसऱ्या पत्नीने पार्थिव तेथून हलवले, आणि ज्या गावांशी त्याचा कधी संबंध आला नव्हता अशा पेनसिल्व्हेनियातील दोन गावांशी करार केला. ती गावे १९५४ साली एक होऊन जिम थॉर्प हेच नाव त्यांनी धारण केले, आणि पर्यटक यावेत या आशेने त्याची समाधी बांधली. मुलांनी वडिलांना ओक्लाहोमात नेण्यासाठी दावा लावला, खालच्या न्यायालयात ते जिंकले, वरच्या न्यायालयात २०१४ साली हरले, आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्याचे नाकारले. समाधीखाली ओक्लाहोमाची थोडी माती आणून टाकलेली आहे, आणि स्टॉकहोमच्या मैदानातीलही.

पदकांचे प्रकरण पुन्हा उघडावे म्हणून मुलांनी आणि चाहत्यांनी अनेक अर्ज केले. पण १९५२ पासून १९७२ पर्यंत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी होते ते ॲव्हरी ब्रंडेज. स्टॉकहोमला थॉर्पच्या मागे राहिलेले तेच. तोवर ते बांधकामाच्या धंद्यातून मोठे धनवान झाले होते आणि हौशीपणाचे त्यांच्याइतके कडवे पुरस्कर्ते जगात दुसरे नव्हते. अज्ञान हा बचाव होऊ शकत नाही, हे त्यांचे उत्तर ठरलेले. ब्रंडेज यांनी जुना मत्सर मनात धरला असे म्हणणारे आहेत. मला वाटते, मत्सराची आवश्यकता नव्हती. ज्याला कधी मजुरी करावी लागली नाही असा प्रामाणिक मनुष्य नियमाच्या आधारे जितका निष्ठुर होऊ शकतो, तितका मत्सरी मनुष्यही होत नाही. १९७३ साली, ब्रंडेज पायउतार झाल्यावर, अमेरिकन युनियनने थॉर्पचे हौशीपण परत दिले. पदके तरीही मिळाली नाहीत.

शेवटी कागदच कामी आला. थॉर्पचे चरित्रकार रॉबर्ट व्हीलर आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स रिडलन हे दाम्पत्य या प्रकरणाचा पाठपुरावा करीत होते. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये रिडलनबाईंना १९१२ ची ती छापील नियमावली सापडली. कपाटाच्या मागे पडून राहिलेली. तीस दिवसांचे कलम पुढे ठेवल्यावर समितीला उत्तर देता येईना. १३ ऑक्टोबर १९८२ रोजी समितीने पदके परत देण्याचे ठरवले आणि १८ जानेवारी १९८३ रोजी थॉर्पच्या मुलांच्या हाती ती दिली. मूळ पदके संग्रहालयांतून पूर्वीच चोरीस गेलेली असल्याने ही प्रतिकृती होती. मात्र यातही कचेरीने आपले कसब दाखवले. थॉर्पला विजेता न म्हणता सहविजेता म्हटले. बी आणि व्हिस्लांडर यांची नावे त्याच्या बरोबरीने ठेवली, आणि त्याचे गुण अधिकृत तक्त्यात घातले नाहीत. जो ७०० गुणांनी मागे होता तो बरोबरीचा ठरला. हरकत मुदतबाह्य आहे म्हणावयाचे, पण तिचा परिणाम अर्धा कायम ठेवावयाचा, असा निकाल माझ्या उभ्या नोकरीत मी पाहिलेला नाही.

या अर्धवट निकालाविरुद्ध आणखी चाळीस वर्षे अर्ज चालले. १९६४ साली टोकियोला १०,००० मीटरची शर्यत जिंकणारे लकोटा जमातीचे बिली मिल्स हेही त्या मागणीच्या पाठीशी उभे राहिले. समितीने स्वीडन आणि नॉर्वे येथे विचारणा केली. व्हिस्लांडरच्या कुटुंबीयांकडून आणि स्वीडिश ऑलिंपिक समितीकडून उत्तर आले की, त्यांनी ते सुवर्णपदक मनाने कधीच आपले मानले नाही, थॉर्प हाच खरा विजेता असे ते नेहमी मानत आले. नॉर्वेकडूनही तसेच उत्तर आले. त्यानंतर १५ जुलै २०२२ रोजी, दशस्पर्धा संपली त्या दिवसाला बरोबर ११० वर्षे झाली असता, समितीने जाहीर केले की दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता जिम थॉर्प आहे.

तेव्हा आता त्या पेंटॅथलॉनचा तक्ता पाहिला तर पहिले नाव थॉर्पचे, दुसरे बीचे, आणि त्याच क्रमाने खाली मोजत गेले की ॲव्हरी ब्रंडेज यांचे नाव ७ जुलै १९१२ च्या संध्याकाळी जेथे होते तेथेच, सहाव्या ओळीवर येते.